नोकरी सोडून चालता धंदा विकत घेणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगाराची नोकरी सोडायची आहे, पण शून्यातून उभारणी करायची नाही. कुणाचा तरी चालता धंदा विकत घ्यायचा आहे. अशा विचारात असलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे व्यवहारातल्या गुंत्यांबद्दल. उदाहरणांतले आकडे लाखांत आहेत. चलन कोणतंही धरा, गणित तेच राहतं. कायदा आणि कर देशागणिक बदलतात, त्यामुळे करारावर सही करण्याआधी तिथल्या वकिलाला आणि हिशेबनिसाला कागद दाखवणं गरजेचं आहे.

उत्तरं वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवा: आजचा मालक किल्ल्या देऊन निघून गेला, तर यातला किती नफा मागे उरेल?

1. नवा धंदा सुरू करण्यापेक्षा चालता धंदा घेण्यात जास्तीचं काय मिळतं?

आज पैसे देणारे ग्राहक, काम येणारी माणसं, आणि तपासून पाहता येईल असा मागच्या काही वर्षांचा हिशेब. नव्या धंद्यात ग्राहक येतील की नाही हेच माहीत नसतं. चालत्या धंद्यात ते येताना दिसतात. ते टिकतील का आणि कर्जाचा हप्ता भरून घरी काही नेता येईल का, एवढंच शोधायचं असतं. हे दोन प्रश्न कागदपत्रांवरून बऱ्यापैकी सोडवता येतात, हा या मार्गाचा खरा फायदा.

त्याबदल्यात किंमत मोजावी लागते, आणि धंद्याबरोबर जुनी यंत्रं, जुन्या सवयी, कुणाला तरी तोंडी दिलेली आश्वासनं हेही अंगावर येतं.

2. माझा सगळा अनुभव मोठ्या कंपनीतला आहे. छोटा धंदा मला जमेल का?

हिशेब वाचणं, करार समजून घेणं, माणसांकडून काम करून घेणं, वेळापत्रक पाळणं या गोष्टी इथे उपयोगी पडतात. अनेक छोट्या धंद्यांत नेमकी त्यांचीच वानवा असते.

अडचण येते ती रोख पैशाच्या वेळेची. कंपनीत ग्राहकाने पैसे 60 दिवसांनी दिले तरी तुमचा पगार ठरलेल्या दिवशीच होतो. इथे ग्राहक 60 दिवसांनी देणार, माल देणारा 30 दिवसांत मागणार, आणि महिना संपला की पगार वाटायचे. वहीत नफा दिसत असताना खात्यात पैसे नाहीत, ही स्थिती पहिल्या वर्षातच भेटते. शिवाय संगणक बिघडला, कुणी न सांगता दांडी मारली, नळ फुटला, तरी फोन तुमच्याकडेच येतो.

ज्या धंद्याची गुणवत्ता एखाद्या हातकौशल्यावर चालते आणि ते कौशल्य तुमच्याकडे नाही, तिथे ते असलेला अनुभवी माणूस टिकणार असेल तरच पुढे जा. शक्य असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या ठिकाणी काही आठवडे सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष काम करून पाहा. दिवसभर उभं राहणं आपल्याला झेपतं का, हे कोणत्याही तक्त्यावरून कळत नाही.

3. स्वतःजवळ किती पैसे असायला हवेत?

बहुतेक जण फक्त किमतीतला स्वतःचा वाटा धरतात आणि तिथेच फसतात. कर्ज देणारे सहसा किमतीच्या 10 ते 30 टक्के रक्कम खरेदीदाराने घालावी अशी अपेक्षा ठेवतात. त्यावर वकील, हिशेबनीस आणि नोंदणीचा खर्च येतो. तो व्यवहार मोडला तरी परत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून लागणारं खेळतं भांडवल वेगळं (प्रश्न 13). विक्रेत्याने विकायचं ठरवल्यापासून टाळलेल्या दुरुस्त्या वेगळ्या. आणि घरखर्चाची निदान 6, जमल्यास 12 महिन्यांची तरतूद धंद्याच्या खात्याबाहेर ठेवा. ही शेवटची रक्कम नसेल, तर पहिल्याच मंद महिन्यात तुम्ही धंद्यातून पैसे उचलता आणि माल देणाऱ्याचं बिल थकतं.

4. कोणत्या प्रकारचा धंदा निवडावा?

आवडीपेक्षा गरजेचा विचार आधी करा. ग्राहकाला तेच काम पुन्हा पुन्हा लागतं का? तुमच्याकडचं काम बंद पडलं तर त्याचं अडतं का? देखभाल-दुरुस्ती, सफाई, हिशेब ठेवणं, सुरक्षा उपकरणांची तपासणी, औद्योगिक सुटे भाग अशी कामं दिसायला साधी असतात, पण ग्राहक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. दर वर्षी नूतनीकरण होणारे करार असतील तर उत्तमच.

नुकताच उसळी घेतलेला धंदा, मालकाच्या नावावर आणि चेहऱ्यावर चालणारा धंदा, आणि दर थोड्या वर्षांनी मोठं यंत्र बदलावं लागणारा धंदा, हे तिन्ही पहिल्या खरेदीसाठी जड जातात. फार छोटा धंदाही धोक्याचा: नफा इतका कमी असतो की तुमचा पगार आणि हप्ता दोन्ही निघत नाहीत, आणि मदतीला माणूस ठेवायलाही वाव राहत नाही. हे प्रश्न 7 मधल्या गणितावरून दिसेल.

5. विकाऊ धंदे सापडतात कुठे?

व्यवसाय विक्रीचे दलाल आणि विक्रीच्या जाहिराती ही उघड ठिकाणं. तिथे वेळ वाचतो, पण इतर खरेदीदारही तिथेच असतात. दलालाचं कमिशन बहुतेक वेळा विक्रेता देतो, म्हणजे तो विक्रेत्याचा माणूस आहे हे लक्षात ठेवून त्याचं बोलणं ऐका. हिशेबनीस, वकील, त्या क्षेत्रातले माल पुरवणारे आणि यंत्र दुरुस्त करणारे यांना निवृत्तीचा विचार करणारे मालक आधी कळतात. थेट पत्र लिहायचं तर छोटं लिहा: तुम्ही कोण, काय शोधता, पैशाची सोय काय, आणि गोष्ट गुप्त राहील याची हमी.

गुंतवणूकदारांच्या पैशाने शोध घेऊन एकच कंपनी विकत घ्यायची आणि स्वतः चालवायची, ही ‘सर्च फंड’ची पद्धत 1984 मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक अर्व्हिंग ग्राउसबेक यांनी पुढे आणली. त्यात स्वतःचे पैसे कमी लागतात, पण मालकीचा मोठा हिस्सा गुंतवणूकदारांकडे राहतो आणि साधारण मोठ्या कंपन्याच त्यात बसतात. छोट्या दुकानासाठी किंवा कार्यशाळेसाठी ती वाट नाही.

6. जाहिरातीत ‘मालकाची वार्षिक कमाई 39 लाख’ असं लिहिलंय. तेवढे माझ्या हातात पडतील का?

नाही. हा आकडा कसा तयार होतो ते आधी पाहा. वहीतला निव्वळ नफा घेतात आणि त्यात मालकाचा पगार, कर्जाचं व्याज, घसारा, मालकाचा खासगी खर्च आणि ‘पुन्हा होणार नाही’ असा खर्च परत मिळवतात. समजा:

निव्वळ नफा 18, मालकाचा पगार 12, व्याज 2, घसारा 4, मालकाची खासगी गाडी 1.5, एकदाच झालेली मोठी दुरुस्ती 1.5. एकूण 39.

आता उलट बाजू तपासा. मालकाची बायको पगार न घेता हिशेब सांभाळते. ती गेल्यावर त्या कामाला वर्षाला 4 लाखांचा माणूस ठेवावा लागेल. जागा मालकाच्या स्वतःच्या मालकीची आहे आणि धंद्याकडून तो बाजारापेक्षा 2 लाख कमी भाडं घेतो. तुमच्याकडून घेणार नाही. आणि ‘एकदाच झालेली’ दुरुस्ती मागच्या तिन्ही वर्षांच्या वह्यांत वेगवेगळ्या नावांनी दिसते, म्हणजे 1.5 लाख दर वर्षीचा खर्च आहे. 39 मधून 7.5 गेले, उरले 31.5.

अजून संपलं नाही. घसारा कागदावरचा खर्च असला तरी यंत्रं खरोखर झिजतात. ती बदलत राहायला वर्षाला सरासरी 4 लाख लागत असतील, तर हातात 27.5. त्यातून तुमच्या स्वतःच्या कामाचा पगार 12 बाजूला काढा. उरलेले 15.5 लाख हा धंद्याने खरोखर कमावलेला पैसा, आणि हप्ता व कर त्यातूनच जायचे आहेत.

प्रत्येक मिळवणीसाठी बिल मागा. बिल नाही तर मिळवणी नाही. खासगी खर्चाच्या यादीत मालकाचा मोबाइल असतो, आणि त्याच नंबरवर ग्राहकांचे फोन येत असतात. तो खर्च तुम्हालाही करावाच लागणार.

7. किती कर्ज झेपेल हे कसं काढायचं?

हप्ता भरण्यासाठी उपलब्ध रोख भागिले वर्षभराचे हप्ते, हे गुणोत्तर काढा. बरेच कर्ज देणारे किमान 1.25 मागतात. स्वतःच्या झोपेसाठी 1.5 च्या खाली जाऊ नका.

वरच्या धंद्यासाठी 60 लाखांचं कर्ज, 7 वर्षं मुदत, 12 टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण 1.06 लाख, वर्षाचा 12.7 लाख. उपलब्ध 15.5. गुणोत्तर 1.22. यात कर धरलेलाच नाही.

आता विक्री 10 टक्क्यांनी घटवून पाहा. वार्षिक विक्री 200 लाख आणि मालाचा थेट खर्च वजा जाता मार्जिन 40 टक्के असेल, तर 20 लाखांची विक्री गेल्याने 8 लाखांचा नफा जातो, कारण भाडं आणि पगार तेवढेच राहतात. 15.5 चे 7.5 झाले आणि हप्ता 12.7 वर ठाम आहे. स्वतःचा पगार निम्मा केला तरी जेमतेम तोंडमिळवणी होते. कर्ज 45 लाख असतं तर वर्षाचा हप्ता 9.5 च्या आसपास, गुणोत्तर 1.6 च्या वर. 10 टक्के घट थोडी ओढाताण करून सोसता आली असती. मालक बदलल्यावर पहिल्या वर्षी विक्री थोडी घसरणं अगदी स्वाभाविक आहे, म्हणून ही चाचणी प्रत्येक प्रस्तावावर करा.

8. मग किंमत किती योग्य?

अगदी छोट्या, मालक स्वतः राबत असलेल्या धंद्यांची किंमत साधारणपणे मालकाच्या कमाईच्या दोन ते तीन पट बसते. जास्त स्थिर, मालकाशिवाय चालणारे धंदे त्याहून वर जातात. पण कितीच्या पट, यापेक्षा कशाच्या पट हे महत्त्वाचं. 39 च्या तिप्पट 117 होतात. तपासून निघालेल्या 31.5 च्या तिप्पट 94.5. साडेबावीस लाखांचा फरक केवळ आकडा तपासल्याने पडला, घासाघीस अजून सुरूही झालेली नाही.

शेवटी वरची मर्यादा प्रश्न 7 मधलं गणित ठरवतं. बाजारभाव काहीही असो, हप्ता झेपत नसेल तर ती किंमत तुमच्यासाठी नाही. ‘तुम्ही हे ऑनलाइन नेलंत की दुप्पट होईल’ या वाक्यासाठी एक पैसाही देऊ नका. ती वाढ तुमच्या कष्टाने होणार आहे.

9. विक्रेता म्हणतो, वहीत दिसतं त्याहून बरीच जास्त कमाई रोखीत आहे. धरायची का?

धरायची नाही. जी कमाई कर विभागाला दाखवली नाही ती किमतीसाठी नाही असं माना. तिच्यावर कर्ज मिळत नाही, ती सिद्ध करता येत नाही, आणि जो माणूस कर विभागाशी खोटं बोलल्याचं स्वतः सांगतो त्याच्या बाकीच्या कागदांकडेही अधिक कडक नजरेने पाहावं लागतं. कंपनीचे शेअर घेत असाल तर त्या लपवलेल्या कमाईचा कर आणि दंड तुमच्या गळ्यात येऊ शकतो (प्रश्न 12).

10. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीत, नेमकं काय पाहायचं? सुरुवात कुठून करू?

बँकेपासून. निदान 24, शक्यतो 36 महिन्यांची बँक विवरणं थेट बँकेकडून किंवा मालकाने तुमच्यासमोर लॉग-इन करून काढलेली घ्या. ईमेलने आलेली फाइल पुरेशी नाही. दर महिन्याची खात्यात आलेली रक्कम मांडा, त्यातून कर्जाचे पैसे, मालकाने घातलेले पैसे आणि एका खात्यातून दुसऱ्यात गेलेले पैसे वजा करा. उरलेला आकडा वहीतल्या विक्रीशी आणि कर विवरणपत्रांशी ताडून पाहा. तिन्ही जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर कारण कागदावर मागा.

मग धंद्याबाहेरचा एखादा पुरावा शोधा. कपडे धुण्याच्या लाँड्रीत पाण्याचं बिल हे सर्वांत प्रामाणिक कागद असतं: एका फेरीला यंत्र किती पाणी घेतं हे उत्पादकाच्या पुस्तिकेत असतं, आणि बिलातल्या एकूण पाण्याला त्याने भागलं की महिन्याला जास्तीत जास्त किती फेऱ्या झाल्या असतील ते निघतं. विक्री त्यात बसायलाच हवी. कारखान्यात वीज आणि कच्चा माल, वाहतुकीत डिझेल, छपाईत कागद हेच काम करतात.

त्यानंतर मालसाठा. यादीवर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष मोजा, आणि 12 महिन्यांत न हललेला माल शून्य किमतीला धरा. येणी किती दिवसांची आहेत ते पाहा. 90 दिवसांपुढची उधारी बुडीतच समजून चाला. वर्ष संपल्यानंतरच्या दोन महिन्यांत किती माल परत आला, किती बिलं रद्द झाली ते आवर्जून तपासा. विक्री फुगवायची असेल तर वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बिलं फाडतात आणि नंतर गुपचूप रद्द करतात.

थकलेले कर, कामगारांची देणी, चालू दावे, यंत्रांवरचं तारण, सॉफ्टवेअर परवाने, विमा ही यादी वकील देतोच. पण एक गोष्ट ती यादी सांगत नाही: परवाना कुणाच्या नावावर आहे? अनेक कामांत तो पात्रता असलेल्या व्यक्तीच्या नावाने असतो. ती व्यक्ती म्हणजे विक्रेताच असेल, तर विक्रीच्या दुसऱ्या दिवशी काम करणं बेकायदा ठरू शकतं.

11. मालक गेल्यावर ग्राहकही जातील अशी भीती वाटते. हे आधी कसं ओळखायचं?

भीती रास्त आहे, आणि ती मोजता येते. मागच्या 3 महिन्यांतली सगळी दरपत्रकं काढा आणि प्रत्येकावर दर कुणी ठरवला ते विचारा. 50 पैकी 45 वेळा उत्तर ‘शेठ’ असेल, तर तुम्ही विकत घेताय तो त्यांचा अंदाज, आणि तो त्यांच्याबरोबरच जाणार आहे. बिलावर नंबर कुणाचा आहे? तक्रार कुणाकडे जाते? माल देणारा उधारी धंद्याला देतो की त्या माणसाच्या शब्दावर? मालक मागच्या वेळी सलग दोन आठवडे कधी बाहेर होते, आणि त्या दोन आठवड्यांची विक्री किती होती?

उत्तरं नकारात्मक आली म्हणजे धंदा सोडायलाच हवा असं नाही. किंमत कमी करा, रकमेचा मोठा भाग नंतर देण्यावर ठेवा (प्रश्न 14), आणि मालकाचा हस्तांतराचा काळ वाढवा. सहसा 4 ते 12 आठवडे पूर्णवेळ आणि पुढे काही महिने फोनवर, हे करारात तासांसकट लिहून घ्या. ‘लागेल तशी मदत करेन’ असं वाक्य करारात राहू देऊ नका.

एकाच ग्राहकाकडून 20 टक्क्यांहून जास्त विक्री येत असेल तर वेगळी खबरदारी लागते. त्याचा लेखी करार आहे का, मालकी बदलल्यावर तो मोडायचा हक्क त्याला आहे का, आणि व्यवहार पूर्ण होण्याआधी विक्रेत्यासोबत त्याला भेटता येईल का, हे तिन्ही पाहा. शेवटच्या टप्प्यातही भेटू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्या ग्राहकाची विक्री शून्य धरून प्रश्न 7 चं गणित पुन्हा करा.

12. कंपनीचे शेअर घ्यावेत की फक्त मालमत्ता आणि धंदा?

शेअर घेतले तर कंपनी तीच राहते. करार, परवाने, बँक खाती बहुतेक जागच्या जागी राहतात. पण जुने कर, जुने दावे, विसरलेली हमीपत्रंही राहतात. मालमत्ता आणि धंदा घेतला तर यंत्रं, माल, नाव, ग्राहकयादी निवडून घेता येते आणि जुनी देणी बहुतांशी मागे राहतात. मात्र प्रत्येक करार नव्याने नावावर करावा लागतो आणि परवाने पुन्हा काढावे लागतात.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मालमत्ता-खरेदी सहसा जास्त सुरक्षित. अपवाद तेव्हा, जेव्हा धंद्याची सगळी किंमत एखाद्या हस्तांतर न होणाऱ्या परवान्यात किंवा करारात आहे. आणि दोन सापळे आहेत. शेअर घेतल्यावरही काही करार ‘नियंत्रण बदललं तर रद्द’ या कलमामुळे तुटतात. मालमत्ता घेतली तरी अनेक देशांत विक्रेत्याचा थकलेला कर धंद्यामागोमाग खरेदीदाराकडे येतो. म्हणून कर थकबाकी नसल्याचा दाखला मिळेपर्यंत काही रक्कम वकिलाच्या ताब्यात अडकवून ठेवा.

13. खेळतं भांडवल किमतीत धरलेलं असतं का?

करारात काय लिहिलंय त्यावर ते ठरतं, आणि इतके व्यवहार इथे चिघळतात की हे कलम स्वतः वाचा. येणी 20, मालसाठा 15, देणी 12 असतील, तर धंदा चालवायला 23 लाख आत अडकलेले आहेत. विक्रेता येणी स्वतःकडे ठेवून गेला, तर किमतीव्यतिरिक्त त्या 20 लाखांची सोय तुम्हाला करावी लागेल.

धंदा भांडवलासकट घेत असाल तर मागच्या 12 महिन्यांची सरासरी काढा आणि तो आकडा करारात पातळी म्हणून लिहा. ताबा घेतानाचं भांडवल त्याहून कमी भरलं तर किंमत तेवढी कमी. ही पातळी नसेल तर काही विक्रेते शेवटच्या दोन महिन्यांत उधारी भराभर वसूल करतात, माल भरत नाहीत, देणी लांबवतात. ताबा मिळतो तेव्हा फळ्या रिकाम्या आणि माल देणारे दारात. हंगामी धंद्यात वार्षिक सरासरीही फसवते. तिथे मागच्या दोन-तीन वर्षांतल्या त्याच महिन्याशी तुलना करा.

14. विक्रेता काही पैसे नंतर घ्यायला तयार आहे. चांगलं की वाईट?

चांगलं. किमतीचा 10 ते 30 टक्के भाग विक्रेत्याने कर्जासारखा हप्त्यांनी घ्यावा, ही छोट्या व्यवहारांत रुळलेली पद्धत आहे. त्याचे पैसे अडकलेले असतात म्हणून तो फोन उचलतो. त्याने दिलेली माहिती खोटी निघाली तर ते नुकसान या हप्त्यांतून वळतं करण्याचा हक्क करारात हवाच. हे हप्तेही प्रश्न 7 च्या गणितात धरा.

अर्न-आउट, म्हणजे पुढच्या कामगिरीवर ठरणारी रक्कम, जास्त वादाची. ती नफ्यावर बांधली तर विक्रेता म्हणतो तुम्ही मुद्दाम खर्च वाढवलात. विशिष्ट ग्राहकांकडून 12 महिन्यांत आलेल्या पैशासारख्या साध्या, मोजता येणाऱ्या गोष्टीवर बांधा आणि मुदत छोटी ठेवा.

15. जागा भाड्याची आहे. एवढ्याने काय बिघडतं?

जिथे ग्राहक जागेवर येतात तिथे सगळंच बिघडू शकतं. भाडेकराराची उरलेली मुदत तुमच्या कर्जाच्या मुदतीइतकी तरी असावी. करार नव्या मालकाच्या नावावर करायला घरमालकाची लेखी संमती लागते, आणि ती मागताना तो भाडं वाढवू शकतो. म्हणून ही संमती व्यवहाराची पूर्वअट ठेवा आणि शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

16. कर्जासाठी घर तारण किंवा वैयक्तिक हमी द्यावी का?

छोट्या धंद्याच्या कर्जात वैयक्तिक हमी बहुधा टळत नाही. अमेरिकेतल्या एसबीए या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या 7(ए) योजनेत, जिची कर्जमर्यादा 50 लाख डॉलर आहे, 20 टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला हमी द्यावी लागते. हमीची कमाल रक्कम, ती कधी संपते आणि जोडीदाराची सही लागते का, यावर बोलणी करून पाहा. घर तारण असेल तर प्रश्न 7 मधली चाचणी 10 ऐवजी 20 टक्के घट धरून करा आणि आकडे घरातल्यांसमोर मांडा. हमीचं ओझं सगळ्या घरावर असतं, तेव्हा होकारही सगळ्यांचा हवा.

17. कामगारांना कधी सांगायचं?

सह्या होईपर्यंत सहसा नाही. अफवा पसरली की चांगली माणसं आधी बाहेर पडतात. अपवाद एक-दोन कळीच्या माणसांचा: ज्यांच्यावाचून काम चालत नाही त्यांना विक्रेत्याच्या संमतीने शेवटच्या टप्प्यात भेटा आणि थांबण्यासाठी 6 ते 12 महिन्यांनी मिळणारा बोनस लेखी द्या. कामगार आपोआप तुमच्याकडे येतात की नव्याने नेमावे लागतात, हे देशानुसार ठरतं. ब्रिटनमध्ये 2006 च्या ‘टूपी’ (TUPE) नियमांनुसार धंदा हस्तांतरित झाला की नोकऱ्या आधीच्याच शर्तींवर नव्या मालकाकडे येतात, आणि कामगारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना आधी माहिती देणं बंधनकारक आहे. तिथे ‘सह्यांनंतर सांगू’ चालत नाही.

18. विक्रेत्याने शेजारीच तोच धंदा पुन्हा काढला तर?

म्हणूनच स्पर्धा न करण्याचं कलम लागतं. नोकरदारावर असं बंधन घालणं अनेक ठिकाणी चालत नाही, पण धंदा विकणाऱ्यावर चालतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मध्ये गुडविल (धंद्याचा नावलौकिक) विकणाऱ्यासाठी नेमका हाच अपवाद आहे. अट अशी की भौगोलिक मर्यादा वाजवी हवी आणि खरेदीदार तिथे तो धंदा चालवत असावा. मुदत, क्षेत्र आणि कामाचा प्रकार स्पष्ट लिहा. ग्राहक आणि कामगार ओढून न नेण्याचं कलम वेगळं घ्या, आणि बायको-मुलांच्या नावाने धंदा काढण्याची पळवाटही बंद करा.

19. राजीनामा कधी द्यावा?

शोध घेण्यासाठी नोकरी सोडू नका. योग्य धंदा सापडायला 6 ते 18 महिने सहज जातात, आणि प्रस्तावपत्रापासून ताब्यापर्यंत आणखी 3 ते 6. त्यात मध्येच व्यवहार मोडणं हे नेहमीचंच. कर्ज लेखी मंजूर, घरमालकाची संमती हातात आणि ताब्याची तारीख ठरलेली, असं झाल्यावर राजीनामा द्या. नोटिशीचा काळ लांब असेल तर ताब्याची तारीख त्यानुसार मागा. मात्र काही कर्ज देणारे पूर्णवेळ धंद्यात उतरण्याची लेखी तयारी मागतात. आणि नेमणूकपत्रातली गोपनीयता, स्पर्धा आणि बाहेरच्या व्यवसायाबद्दलची कलमं आधी वाचा, विशेषतः त्याच क्षेत्रातला धंदा घेत असाल तर.

20. मॅनेजर ठेवून नोकरी सुरूच ठेवली तर?

प्रश्न 6 आणि 7 चे आकडे घ्या. तुमच्या जागी 12 लाखांचा मॅनेजर ठेवला, 60 लाखांच्या कर्जाचा हप्ता भरला, की उरतात कर भरण्याआधीचे 2.8 लाख. तेवढ्यासाठी घर तारण ठेवायचं का, ते तुम्ही ठरवा. मॅनेजर आधीपासूनच सगळं पाहतोय आणि त्याचा पगार वहीत दिसतो, असा मोठा धंदा असेल तर गोष्ट वेगळी, पण तोही निदान पहिलं वर्ष जवळून पाहावा लागतो.

21. ताबा मिळाल्यावर पहिल्या 100 दिवसांत काय करू?

दर, नाव, माणसं आणि वेळा बदलू नका. दर आठवड्याला पुढच्या 13 आठवड्यांचा रोख आवक-जावकीचा तक्ता लिहा. पैसे कधी कमी पडणार हे त्यात दीड-दोन महिने आधी दिसतं. पहिल्या 20 मोठ्या ग्राहकांना विक्रेत्यासोबत स्वतः भेटा. बँक खात्यावरच्या सह्या, पासवर्ड, संकेतस्थळाचं डोमेन आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी नावावर करून घ्या. डोमेन विक्रेत्याच्या पुतण्याच्या नावावर निघालं तर पुढचे तीन आठवडे त्यातच जातात. बदल सुचतील ते वहीत लिहून ठेवा. कामगारांना तुम्ही काय बंद करता यापेक्षा पगार वेळेवर होतो का हे आधी पाहायचं असतं.

22. इतका खर्च आणि वेळ घातल्यावर माघार कधी घ्यावी?

बँक विवरण आणि वही जुळत नाहीत आणि कारण दर वेळी नवं मिळतं, तेव्हा. मागितलेला कागद तिसऱ्यांदाही येत नाही, तेव्हा. चालू वर्षाची विक्री घसरतेय आणि किंमत मात्र मागच्या चांगल्या वर्षावर अडून आहे, तेव्हा. विक्रेता ‘दुसरा खरेदीदार उद्या पैसे आणतोय’ म्हणून तपासणी आटोपायला सांगतो, तेव्हा त्याला शुभेच्छा देऊन उठा.

त्यासाठी सुरुवातीलाच दोन गोष्टी करून ठेवा. इसार द्यायचा तर तो तपासणीत समाधान झालं नाही तर पूर्ण परत, असं लिहून घ्या. आणि प्रस्तावपत्रात 60 ते 90 दिवस विक्रेत्याने दुसऱ्याशी बोलणी करायची नाहीत हे कलम ठेवा, म्हणजे घाई करण्याचं कारणच उरत नाही. तपासणीचा खर्चही टप्प्याटप्प्याने करा: आधी बँक आणि कर विवरणं, ती जुळली तर हिशेबनीस, मग भाडेकरार आणि परवाने, आणि वकिलाचं मोठं बिल सर्वांत शेवटी. म्हणजे उठायची वेळ आलीच, तर ती निदान पैसे थोडे गेलेले असताना येते.